प्लास्टरच्या अंड्याची राखण

१९ ऑक्टोबर, रविवार

दगड! सकाळपासून दगड, दगड आणि दगड. आखातातल्या या आमच्या पार्कात आज पेंग्विनांना घरट्यांसाठी गोटे द्यायचा पहिला दिवस. दोनशे गोटे धुतले, उकळले, थंड केले, बादल्या उचलून आत नेले — पाठ गेली. पाच मिनिटांत आत मारामारी. आमचे हे जेंटू जातीचे पेंग्विन म्हणजे चोरांची टोळी नुसती! एक जण मान लववून, अदबीने जोडीदारापुढे गोटा ठेवतो — काय ते कौतुक — आणि दुसरा आणायला वळला रे वळला की शेजारी हळूच येऊन तोच गोटा पळवतो. वर गाढवासारखा ओरडतो, जणू चोरी त्याचीच झालीय.

सहा पक्षी. जानेवारीअखेर आले, तेव्हापासून मीच बघतेय. यांच्यात नर कोण, मादी कोण, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. रक्ताचा रिपोर्ट सांगेल ते खरं, आणि पंखावरच्या पट्टीचा रंग सांगेल तो पक्षी खरा. लाल नर, हिरवी मादी — त्यांनी आपणहून जोडी जमवली, माझा जीव भांड्यात पडला. निळा आणि पांढरा दोघेही नर, त्यांनीही एकमेकांशीच जमवली. होतं असं पेंग्विनांत, नवल नाही. पिवळा आणि करडी अजून कोवळे आहेत, यंदा त्यांच्याकडून काही नको.

म्हणजे सगळी मदार लाल-हिरवीवर. कारण वरून ईमेल आलीय. ३१ डिसेंबरपर्यंत एक तरी अंडं पडलं तर ठीक. नाही पडलं तर सहाही पक्षी कंपनीच्या दुसऱ्या पार्कात जाणार, समुद्रापलीकडे, आणि त्यांच्या जागी इथे बर्फाची घसरगुंडी. घसरगुंडी! माझ्या पक्ष्यांच्या जागी पोरं प्लास्टिकच्या टायरवर बसून घसरणार.

२२ ऑक्टोबर

कशफने आज डोकं फिरवलं. मार्केटिंगची कशफ, हैदराबादची, गोड बोलून गळा कापणारी. 'बर्फातली दिवाळी' म्हणून पाच दिवस आत जांभळे दिवे हवेत, रात्री अकरापर्यंत. मी म्हटलं, बाई गं, यांचा उन्हाळा आत्ता सुरू होतोय, दक्षिण गोलार्धातला. आपण रोज चार-चार मिनिटं दिवा वाढवतो. दिवस मोठा होतोय हे अंगाला कळलं तरच मादीच्या पोटात अंडं धरतं. तू एकदम पाच तास वाढवलेस तर तिला वाटेल डिसेंबर आला नि गेला.

"शहनाझ, यार, पेंग्विन को क्या पता कितने बजे हैं!"

तेवढंच तर पता असतं गं त्यांना! दुसरं काय पता असतं?

शेवटी महादूला फोन केला. महादू आमचा चिलर टेक्निशियन, लांज्याकडचा, दिव्यांचा टायमरही त्याच्याच पॅनलमध्ये. तो म्हणाला, "मॅडम, काळजी नको. जांभळे लोकांच्या बाजूला लावतो, पक्ष्यांकडे पुठ्ठा मारतो." आणि खरंच मारला. कशफला वाटलं सजावट आहे. महादू दहा वर्षं इथे आहे, बोलतो कमी, ऐकतो मात्र मशीनचं.

२ नोव्हेंबर

अंडं नाही.

९ नोव्हेंबर

अंडं नाही. हिरवी घरट्यात राणीसारखी बसते, लाल तिला गोटे आणून आणून दमला. चांगले सत्तर गोटे झाले. अगं, बंगला नाही बांधायचा, अंडं घालायचंय!

आजपासून महादू महिनाभर रजेवर गावी. बदलीला आलेला माणूस विचारतो, पेंग्विन उडून गेले तर कोणाला कळवायचं? हात टेकले.

१६ नोव्हेंबर

तहा शुक्रवारी रुवैसहून, कामावरून आला. आठवड्यातून दीड दिवस नवरा घरी, त्यात मी पेंग्विनांच्या गोष्टी सांगते. म्हणाला, "एवढी चौकशी माझी केलीस का कधी?" मी म्हटलं, तू अंडं घाल, करते. अर्सलान हसून हसून लोळला. मग म्हणतो, "ममा, मे बी शी डझन्ट वॉन्ट किड्स." नऊ वर्षांचं कार्टं!

२ डिसेंबर

ईद अल इतिहादची, इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, पार्क फुल्ल. काचेवर ठोकणारे, फ्लॅश मारणारे, माशाऐवजी चिप्स देऊ का विचारणारे. एक काका विचारत होते हे खरे आहेत का बॅटरीवरचे. घरी अजमानला पोचायला दोन तास लागले. अंडं नाही.

७ डिसेंबर, रविवार

आता निळ्या-पांढऱ्याने उच्छाद मांडलाय. स्वतःच्या घरट्यात करायला काही नाही म्हणून दिवसभर लाल-हिरवीचे गोटे चोरायचे आणि हिरवीला टोचायचं. अशाने ती काय अंडं घालणार! शेवटी जुना उपाय केला. प्लास्टरचं अंडं, अगदी खऱ्याच्या मापाचं आणि वजनाचं, कोमट करून निळ्याच्या पोटाखाली सरकवलं. झालं! दोघेही एकदम सभ्य. आळीपाळीने बसतात, बदलीच्या वेळी वाकून नमस्कार करतात, चोची वर करून गातात. चोर होते ते बाप झाले दोन मिनिटांत.

बोर्डावर मुद्दाम लिहिलं नाही. कशफने 'एग' हा शब्द वाचला तर संध्याकाळपर्यंत शहरभर बॅनर लागतील. दोघा कीपरना तोंडी सांगितलं, खलास.

१२ डिसेंबर

महादू परत आला. बायको कावेरीने माझ्यासाठी सुकट आणि आमसुलं पाठवलीत. डबा उघडला आणि ऑफिसात एकदम मिरकरवाडा बंदर! त्या वासाने कशफ नाक धरून पळाली. बरं झालं.

महादू काचेसमोर बराच वेळ उभा होता. चेहरा असा फुललेला. म्हटलं काय रे? म्हणाला, "काही नाही मॅडम. बरं चाललंय ना सगळं." आणि हसत हसत चिलरकडे गेला. रजा मानवलेली दिसते.

१५ डिसेंबर, सोमवार

सोळा दिवस उरले. हिरवीचं वजन केलं — जसंच्या तसं. हिच्या पोटात अंड्याचा पत्ता नाही. आणि तो निळा! पाऊण किलोने वाढलाय. बसून बसून खातोय नुसता, हेरिंगवर हेरिंग. चालतोही फेंगडा. कीपरला सांगितलं, याचे मासे कमी कर.

महादू मागे उभा होता. म्हणाला, "मॅडम, तिला कमी नका करू. पोट भरल्यासारखं दिसतंय तिचं."

"ती नाही, तो. निळा नर आहे. चरबी आहे ती."

"बरं," म्हणाला. पण 'बरं' असं म्हणाला की त्यातून कळावं, पटलेलं नाही. चिलरवाल्यांनी आता मला पक्षी शिकवायचे!

१८ डिसेंबर, गुरुवार

पाऊस! इथल्या पावसाला ना तमा ना तंत्र. दुपारी बाराला आभाळ काळंकुट्ट, विजा कडाडतायत, काचा थरथरतायत. अर्सलानची शाळा ऑनलाइन, तो एकटा घरी, फोनवर सांगतो, "ममा, अवर पार्किंग इज अ स्विमिंग पूल." दीड वाजता लाइट गेली. अकरा मिनिटं आत मिट्ट काळोख, पेंग्विन एकसुरात बोंबलतायत. जनरेटर सुरू झाला तेव्हा कुठे जिवात जीव आला. महादू छतावर जाऊन भिजून चिंब होऊन आला, तसाच कुडकुडत उणे दोन डिग्रीत आत गेला, सेन्सर बघायला म्हणाला. मी ओरडले, निमोनिया होईल, आधी कपडे बदल! ऐकतोय कोण.

१९ डिसेंबर, शुक्रवार



सकाळी घरटी साफ करताना निळ्या-पांढऱ्याच्या गोट्यांत काहीतरी काळं दिसलं. उचललं. नट! लोखंडी नट, बोराएवढा. गोटे उचकले — अजून एक. वाटलं, छतातून काही निखळतंय. महादूला बोलावलं.

"हे काय आहे?"

मान खाली. "लोखंड."

"ते दिसतंय मला! घरट्यात कसं आलं?"

"काल विजा होत होत्या ना मॅडम. विजेने अंडं नासतं. कोंबडी बसवली की टोपलीत लोखंड घालतातच की. तुमच्याकडे नाही घालत?"

घालतात! आमच्याकडेही घालतात. अम्मी अजून खिळा ठेवते टोपलीत, वर कोळसा. मी मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन आल्यावरही ठेवायची आणि मी बोलले की म्हणायची, तुझं कॉलेज राहू दे कॉलेजात. पण ती कोंबडी! दाणे टिपणारी! हे पेंग्विन. दिसेल तो खडा गिळतात, समुद्रातसुद्धा गिळतात, पोटात खडे ठेवणं हा त्यांचा स्वभावच आहे. त्यांच्या चोचीसमोर चकचकीत काळा नट!

"आणि महादू, ते अंडं प्लास्टरचं आहे! प्लास्टरचं! वीज काय, अख्खं आभाळ कोसळलं तरी त्याला काही होणार नाही!"

त्याचं तोंड इतकंसं झालं. मग हळूच, "मला कोणी सांगितलं नाही. मी आल्या दिवशी बघितलं. म्हटलं, अंडं आलंय, पक्षी राहणार आता. दृष्ट नको लागायला म्हणून बोललो नाही."

आणि मग म्हणाला, "मॅडम, मी तीन ठेवले होते."

तीन. दोन माझ्या हातात. सगळं घरटं उपसलं, गोटा न् गोटा मोजला, गटाराची जाळी उघडली. तिसरा नाही. आणि निळ्याने सकाळपासून एकही मासा घेतलेला नाही. एरवी बादली बघून धावत येणारा — नुसता बसून आहे, चोच मिटून.

डॉक्टर उर्मिलांना फोन लावला. आमच्या व्हेट, पुण्याच्या, अबुधाबीहून येतात. त्यांचा पहिला प्रश्न, "नट गॅल्वनाइज्ड आहे का? जस्त असेल तर रक्तात उतरतं, दोन-तीन दिवसांत पक्षी जातो." महादू माझ्या बाजूलाच. म्हणाला, "नाही, काळा साधा आहे. मुलामा दिलेलं चालत नाही, अस्सल लोखंड लागतं." डॉक्टर म्हणाल्या, मग थोडा वेळ आहे. रस्ते पाण्याखाली आहेत, सोमवारी सकाळी एक्स-रे मशीन घेऊन येते. इन्शाल्ला.

दुपारी रिपोर्ट लिहिला. रागातच लिहिला. "टेक्निशियन महादू याने विनापरवानगी पक्ष्यांच्या कक्षात प्रवेश करून धातूच्या वस्तू ठेवल्या." ओळ न ओळ खरी आहे. सेंड दाबलं.

चार वाजता उत्तर आलं. महादूचं ॲक्सेस कार्ड आजपासून बंद. टर्मिनेशनचे कागद सोमवारी दुपारी चारला, एचआरमध्ये.

एवढं नव्हतं मला हवं. पण मग काय हवं होतं? नट गिळला तर गिळला असं म्हणून सोडून द्यायचं?

२० डिसेंबर, शनिवार

सुट्टी असूनही गेले. निळा खात नाही. वाटीने पाणी पाजलं तर चावला. पांढरा येऊन त्याच्यापुढे गोटा ठेवतोय, वाकतोय, परत ठेवतोय. निळा बघतही नाही. मला तिथेच रडू आलं, मास्कच्या आत, चष्मा सगळा धुरकट. आता अंड्याचं राहू दे, हा एक वाचू दे.

घरी आले तर तहाने आल्याआल्या विचारलं, "अंडं खोटं आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग?"

मग काय मग! तो कंपनीतला माणूस आहे, आत जायचं नाही हा नियम आहे, नियम सगळ्यांना असतो. मी एवढं सगळं ऐकवलं. तहाने ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला गेला. तो असा भांडत नाही ना, त्याचा अजूनच संताप येतो. अर्सलानने आयपॅडवरून मान न काढता विचारलं, "डिड ही से सॉरी?" म्हटलं, हो. "देन?" बापलेक एकाच माळेचे मणी.

२१ डिसेंबर, रविवार

निळा आज उभाही राहत नाही. आडवा पडून, शेपटी वर करून, मधूनच जोर करतोय. नट पुढे सरकून अडकला असणार. डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला. "हलवू नका, उद्या नऊला पोचते."

अकराच्या सुमाराला महादूचा व्हॉइस मेसेज. मला वाटलं, रदबदली करा म्हणून असेल. ऐकायचं धैर्य होईना. ऐकला. "मॅडम, दोन नंबरच्या चिलरचा आवाज परवापासून बदललाय. बेअरिंग जाईल. नवीन माणसाला सांगा, उद्याच्या आत बदलायला. नाहीतर आत गरम होईल, आजारी आहे ना तो." बस. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. सांगितलं नवीन माणसाला. त्याने कान लावला, म्हणाला, सब ठीक है. मग सुपरवायझरला खाली बोलावून बेअरिंग उघडायला लावलं. खरंच गेलेलं होतं, गोळ्या हातात आल्या.

कावेरीला फोन करावासा वाटतोय, माझ्याकडे तिचा नंबर आहे डब्याच्या चिठ्ठीवर. करावा का? काय सांगणार? तुझ्या नवऱ्याची नोकरी मी घालवली, सुकट छान होती?

नाही केला.

२२ डिसेंबर, सोमवार

एक्स-रेत नट दिसतो. जठरात, एक. आणि त्याच्या मागे, शेपटीकडे, अंडं. खरं. कवच धरलेलं, आज-उद्या पडेल असं; खाणं सुटलं ते त्यामुळेच. नटाचं नंतर बघू म्हणाल्या डॉक्टर, साधं लोखंड आहे, थांबेल.

नराच्या पोटात अंडं! डॉक्टरांनी कातडीखालची ओळखीची चिप वाचली. नंबर हिरवीचा. मग हिरवीला आणायला लावलं. तिच्यात नंबर निळ्याचा. जिला मी दोन महिने अंड्यासाठी शिव्या घालतेय ती माझी राणी नर आहे.

मार्चमध्ये पिसं झडताना पंख सुजतात म्हणून मीच पट्ट्या काढून परत बांधल्या; तिथेच या दोघांच्या अदलाबदल झाल्या. पक्षी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तोंडओळखही धड नव्हती. बांधताना प्रत्येकाची चिप वाचायची असते. रीडर वरच्या मजल्यावर होता, मी नाही आणला. रजिस्टरात सहाही नावांपुढे 'चिप वाचली' असं लिहिलंय. अक्षर माझं, सही माझी.

दोन वाजलेत. चारच्या आत दुसरा रिपोर्ट पाठवतेय. दोषी म्हणून त्यात एकच नाव आहे, आणि ते महादूचं नाही.